मुद्देमालाने बोलायचं नसतं

खरं तर मी बोलायचं नाही, असं मला बजावलेलं आहे. तोंडाने कुणी बजावलं नाही. पण मला कापडात गुंडाळलं, दोऱ्याने करकचून बांधलं आणि गाठीवर लाखेचा शिक्का मारला, त्याचा दुसरा काय अर्थ होतो? मुद्देमालाने गप्प पडून राहायचं. बोलायचं ते साक्षीदारांनी आणि वकिलांनी. तरीही मी बोलणार आहे, कारण आज गप्प राहिले तर या खोलीत आणखी एक माणूस मरेल.

मी पटाशी बोलतेय. सुताराची पटाशी. लाकडात खाच पाडायची असली, कोपरा साफ करायचा असला की हात माझ्याकडे येतो. अंगाने सपाट, पुढे धार, मागे लाकडी मूठ. दिसायला साधीच आहे मी.

माझा जन्मच मारहाणीत झाला. त्याआधी मी एका मालट्रकच्या कमानीचा पाटा होते. ट्रक भंगारात गेला आणि माझा तुकडा लोहाराकडे आला. त्याने मला लाल होईपर्यंत भट्टीत धरलं आणि मग जे बडवलं ते बडवलं. मी काळी पडले की पुन्हा भट्टीत, पुन्हा ऐरणीवर. शेवटी त्याने मला तेलात बुडवलं. मी अशी किंचाळले की लोहाराची बायको आतून बाहेर आली. "पाणी चांगलं चढलंय हिला," ती म्हणाली. मला वाटलं, आता आयुष्यात याहून वाईट काही व्हायचं नाही. तेव्हा मी माणसांना ओळखत नव्हते.

मला दोन भावांनी विकत घेतलं. थोरल्याला सगळे मिस्त्री म्हणत. धाकट्याला धाकटाच म्हणत, अगदी त्याला मिशा फुटल्या तरी. मिस्त्री कमी बोलायचा आणि धाकटा दोघांच्या वाटचं बोलायचा.

"दादा, ही पटाशी तुझ्यापेक्षा शहाणी आहे. आखलेली रेघ सोडत नाही."

"आणि तू हिच्यापेक्षा बोथट. डावा हात मागे घे."

त्यांच्या कारखान्यात एकच कडक नियम होता. पटाशीच्या पुढे हात ठेवायचा नाही. मिस्त्री हे रोज सांगायचा आणि धाकटा रोज विसरायचा. मग मिस्त्रीची बायको मलमाची डबी घेऊन यायची. "भावजी, बोटं मोजून ठेवा, म्हणजे संध्याकाळी किती उरली ते कळेल." धाकटा कळवळत हसायचा. वहिनीला तो आईसारखा घाबरायचा आणि बहिणीसारखा चिडवायचा. या घरात मी सुखात होते. मला लाकडी मोगरीचे ठोके बसायचे, पण त्या ठोक्यांतून खुर्च्या व्हायच्या, पाळणे व्हायचे, दारं व्हायची.

मिस्त्रीकडे कोर्टाच्या फर्निचरचंही काम असायचं. बाकांचे पाय ढिले होत, आरोपीच्या पिंजऱ्याचा कठडा हलू लागे, दारं फरशीला घासत. कोर्ट चालू असताना ठोकाठोक चालायची नाही. म्हणून मिस्त्री मागच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन सुट्टीची वाट बघत बसायचा. मी पिशवीत असायचे. आम्ही दोघांनी कितीतरी खटले असे फुकटात ऐकले.

तिथे पुकारा करणारा एक म्हातारा शिपाई होता. त्याला सगळे नाना म्हणत. आवाज असा की तळमजल्यावरचा माणूस दचकून उभा राहावा. नाना आणि मिस्त्री एकाच पेल्यातला चहा अर्धा अर्धा प्यायचे. नाना मिस्त्रीला कोर्ट शिकवायचा.

"निकालाच्या दिवशी साहेबांचं तोंड बघू नकोस, ते कायम सारखंच असतं. ते काय विचारतात ते बघ. दोषी धरलं की साहेब आरोपीला विचारतात, शिक्षेबद्दल तुला काही सांगायचंय का? ते विचारलं, की गडी गेला आत."

"आणि नाही विचारलं तर?"

"न विचारताच उठले, तर समज पाखरू उडालं."

मिस्त्रीने ते पाठ करून ठेवलं. बाकावर बसून तो पैजा लावायचा आणि नाना हरायचा. मिस्त्रीला वाटू लागलं की आपल्याला कोर्ट वाचता येतं.

मग तो दिवस आला. दोघे भाऊ लाकडाच्या वखारीत फळ्या आणायला गेले. मिस्त्री फाटकाशी हातगाडीवाल्याशी घासाघीस करत होता. धाकटा आत गेला. एक जाड तुळई त्याला पोकळ वाटली. त्याने मला काढलं, कोपऱ्यावर ठेवलं आणि मोगरीने एक ठोका दिला. मी मुठीपर्यंत आत गेले. आत नुसता भुसा होता, वाळवीने खाल्लेला.

"हा माल आहे की वाळवीचं वारूळ?" धाकटा मोठ्याने म्हणाला. हमाल हसले. धाकट्याला कुणी हसलं की आणखी चेव यायचा. "याची खुर्ची केली तर बसणारा थेट तळघरात जाईल!"

वखारवाल्याचा मुलगा तिथेच उभा होता. सगळ्यांसमोर झालेला अपमान त्याच्या कानांपर्यंत लाल चढला. "माझ्या मालाला भोक पाडतोस? तुझ्या बापाचा आहे का?"

"माझ्या बापाचा असता तर किडका नसता."

त्याने बाजूची लाकडी रीप उचलली आणि धाकट्याच्या कानावर मारली. तो आवाज मला अजून येतो. कोरडी फांदी मोडावी तसा होता. धाकटा गुडघ्यावर आला. त्याचा एक हात माझ्याकडे आला, पण मला उपसायला नाही, तुळईचा आधार घ्यायला. रीप पुन्हा पडली. हमाल हसायचे थांबले होते, पण कुणी पुढे आलं नाही. मिस्त्री धावत आत आला तेव्हा त्याला शेवटचा घाव दिसला. धाकट्याच्या नाकातून आणि कानातून रक्त येत होतं आणि खालचा भुसा ते पीत होता. मिस्त्रीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाला, "डावा हात मागे घे, डावा हात मागे घे." का ते त्यालाही कळलं नसेल. धाकटा तिथेच गेला.

मी तुळईत रुतूनच राहिले होते. दोन दिवसांनी वहिनीने मला तिथून उपसून आणलं. पोलिसांनी रीप नेली, माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही.

खटला उभा राहिला तो याच कोर्टात, याच खोलीत. हमालांनी एकामागून एक सांगितलं, "आम्ही माल उतरवत होतो, आम्हाला काही दिसलं नाही." एकजण तर म्हणाला, धाकटा पाय घसरून पडला. त्यांची घरं वखारीच्या आवारात होती, हे मला नंतर कळलं. मग मिस्त्री साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला. मी दाराजवळ पिशवीत होते.

आरोपीचा वकील गोड बोलायचा. "तुम्ही आत आलात तेव्हा तुमचा भाऊ उभा होता का?"

"गुडघ्यावर होता."

"म्हणजे सुरुवात तुम्ही पाहिली नाही."

"नाही."

"सुतार माणूस, हाताशी धारदार पटाशी. आधी त्यानेच ती उगारली नसेल कशावरून?"

"माझा भाऊ मुंगी मारायचा नाही हो."

"मुंगीचं राहू द्या. उगारली नव्हती असं तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत का? हो की नाही, एवढंच सांगा."

पुढच्या बाकांवर वखारीची माणसं होती. ती हसली. मी पिशवीत तडफडत होते. मी उगारलेली नव्हते! मी लाकडात रुतलेली होते! पण पटाशीची साक्ष कोण घेणार?

त्या दिवशी घरी आल्यावर मिस्त्रीने धार लावायचा दगड काढला, त्यावर तेल टाकलं आणि मला घासायला बसला. मग हे प्रत्येक तारखेनंतर होऊ लागलं. साक्षीदार आला नाही, की धार. वकील आजारी पडला, की धार. वखारवाल्याचा मुलगा जामिनावर मोटारीतून उतरताना दिसला, की दुप्पट धार. धार बघायला तो हातावरचे केस माझ्या पात्याने भादरायचा. त्याचा डावा हात कोपरापर्यंत गुळगुळीत झाला होता.

"अहो, हातात काम नाही आणि धार कसली लावता?" वहिनी म्हणायची.

"गंज चढतो."

"तिला नाही, तुम्हाला चढलाय. जरा माझ्याकडेही बघा. गेला तो माझाही कुणीतरी होता."

तो बघायचा नाही. घासत राहायचा. पोलाद घासताना एक बारीक, आंबूस वास सुटतो. त्या घरात जेवणातही तोच वास येऊ लागला.

कोर्टाच्या फाटकाशी एक टायपिस्ट बसायचा. मोठी छत्री, खाली टेबल, टेबलावर जुनं मशीन. त्याला सगळे टकटकमामा म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण त्याला गप्प बसता यायचं नाही. "मिस्त्री, आत फक्त नाटक असतं बरं का. निकाल आधी ठरतो, खटला नंतर चालतो. वखार मोठी की तुझी पटाशी मोठी?" बोलून झालं की मामा पुढच्या गिऱ्हाइकाचं बोलणं टाइप करू लागायचा. मिस्त्री मात्र ते घरी घेऊन यायचा.

निकालाच्या सकाळी मिस्त्रीने हत्यारांची पिशवी खांद्याला लावली.

"आज पिशवी कशाला?" वहिनीने विचारलं.

"त्या खोलीचं दार घासतंय. नाना कधीचा मागे लागलाय."

हे खरंच होतं. दार घासत होतं. पण पिशवीत आज मोगरी नव्हती. मी एकटीच होते. फाटकावरच्या पोलिसाने पिशवी उघडली नाही. "मिस्त्री, तुमची कसली झडती? जा."

खोली गच्च भरली होती. पुढचे बाक वखारीच्या लोकांनी धरले होते. मिस्त्रीला दाराशी शेवटची जागा मिळाली. डोक्यावरचा पंखा कण्हत होता आणि साहेब हळू बोलत होते. शेवटच्या बाकापर्यंत एक शब्दही पोचत नव्हता. मिस्त्री त्यांच्या ओठांकडे बघत होता. त्याला फक्त तो प्रश्न हवा होता, शिक्षेबद्दल काही सांगायचंय का.

साहेब थोडंसंच बोलले. आरोपीचा वकील लगबगीने उठला आणि त्याने काहीतरी विनंती केली. साहेबांनी मान हलवली, पेनाला टोपण लावलं आणि उठून आत गेले. प्रश्न विचारला नाही. वखारवाल्याने मुलाला कवटाळलं. मागून त्यांची फक्त पाठ दिसत होती. बापलेकांचे खांदे गदगदा हलत होते.

मिस्त्रीला वाटलं, ते हसतायत.

त्याने मला पिशवीतून काढलं तेव्हा त्याचा हात थंड होता आणि अजिबात थरथरत नव्हता. तो बाकांमधून चालत निघाला. कुणाला वेगळं काही वाटलं नाही. सुताराच्या हातात पटाशी असणारच. मग नानाने त्याचं तोंड पाहिलं. नाना दोन्ही हात पसरून मध्ये आला. "मिस्त्री, थांब! ऐक आधी! अरे..."

मिस्त्रीला समोर नाना दिसलाच नाही. त्याला नानाच्या मागची ती पाठ दिसत होती. त्याने मला सगळ्या ताकदीने पुढे घातलं.

मी लाकडासाठी केलेली आहे. लाकडात शिरताना रेषा लागतात, गाठी लागतात, लाकूड आपल्याला अडवतं. नानाच्या बरगड्यांखाली मला काहीच अडलं नाही. इतक्या सहज मी कधीच कशात शिरले नव्हते. त्या सहजपणाची मला अजून भीती वाटते.

नाना मिस्त्रीच्या अंगावर कलंडला. मी आत होते, म्हणून त्याचा आवाज मला आतून ऐकू आला. त्या मोठ्या आवाजाची आता कुजबुज झाली होती. "दोषी धरलंय रे त्याला... वकिलाने वेळ मागितला... जेवणानंतर विचारणार आहेत... शिक्षेचं..."

पुढचं सगळं एकाच वेळी झालं. वखारीची माणसं मिस्त्रीवर तुटून पडली. मिस्त्रीच्या गल्लीतली माणसं त्यांच्यावर तुटून पडली. कुणी बाक उचलून आपटला आणि त्याचा पाय मोडून हातात घेतला. साहेबांच्या टेबलावरची काच फुटली. एकाचा दात माझ्याजवळ येऊन पडला. ज्याच्यासाठी हे चाललं होतं तो वखारवाल्याचा मुलगा टेबलाखाली बसून, कान झाकून आईला हाका मारत होता. "विकले गेलेत सगळे!" असं कुणीतरी ओरडत होतं आणि मारत होतं. दोन्ही बाजूंची माणसं तेच ओरडत होती.

नाना दवाखान्यात पोचलाच नाही. मिस्त्रीला बाजूच्या खोलीत बसवून पोलीस मला कापडात गुंडाळत होते, तेव्हा एक हवालदार आत आला. "ऐकलंत का? वरच्या खोलीत कोर्ट बसवलं साहेबांनी. वखारवाल्याच्या पोराला जन्मठेप."

मिस्त्रीने मान वर केली. जन्मठेप. त्याला हवी होती तीच. मग त्याने कपाळ भिंतीवर आपटलं. पुन्हा आपटलं. चार पोलीस लागले त्याला धरायला.

तेव्हापासून मी मुद्देमालाच्या खोलीत आहे. तिथे कोयते आहेत, दोऱ्या आहेत, एक लहान मुलाची सायकल आहे. सगळ्यांच्या अंगावर शिक्के. मिस्त्रीच्या खटल्याची तारीख आली की मला पुड्यातून इथे कोर्टात आणतात आणि टेबलाच्या कडेला ठेवतात. पहिल्या बाकावर, माझ्यापासून हातभर अंतरावर, नानाची मुलगी बसते.

ती छापखान्यात काम करते. बोटांना शाई असते. एकाही तारखेला ती चुकत नाही आणि कुणाशी बोलत नाही. तिच्या आणि माझ्यामध्ये फक्त कापड असतं. तिला ठाऊक आहे मी कोण आहे. एकदा तिने हळूच बोट पुढे करून माझा पुडा शिवला आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं.

मागच्या तारखेला मिस्त्रीचा वकील म्हणाला, "माझ्या अशिलाचा शिपायाला मारायचा हेतूच नव्हता. नाना मध्ये आले." कायद्यात याला काही अर्थ असेल किंवा नसेल. साहेबांनी फक्त लिहून घेतलं. पण सुट्टीत खिडकीखाली, फाटकाशी, टकटकमामाची छत्री होती आणि मला सगळं ऐकू आलं.

"काय गं पोरी, काय म्हणतो वकील?"

"म्हणतो, हेतू नव्हता. बाबा मध्ये आले."

"झालं तर मग! हेतू नव्हता म्हणजे सुटलाच समज. मी सांगतो तुला, आत फक्त..."

"मामा, म्हणजे माझे बाबा वाटेतला दगड होते का?"

मग मशीनची टकटक पुन्हा सुरू झाली.

आज ती आली तेव्हा तिच्या मांडीवर कापडी पिशवी होती. ती तिने दोन्ही हातांनी धरून ठेवली आहे. आणि मला वास आला. तेलाचा, दगडाचा, नुकत्याच घासलेल्या पोलादाचा तो बारीक आंबूस वास. माणसांना तो कळत नाही. मला कळतो. छापखान्यात कागद कापायची लांब पाती असतात. त्यातलं एक तिच्या पिशवीत आहे. रात्रभर कुणीतरी ते घासलंय, पुन्हा पुन्हा, कुणी हाक मारली तरी न बघता.

आता मिस्त्रीला आणलंय. किती वाळलाय! वहिनी भिंतीशी उभी आहे. पोलिसाने मिस्त्रीच्या बेड्या काढल्या. तो नियमच आहे, कोर्टात आरोपीला बेड्या घालून उभं करत नाहीत. पण ती मुलगी ताडकन उठली. "बेड्या का काढल्या याच्या?"

"मागे व्हा हो, मागे व्हा," पोलीस म्हणाला.

तिचा चेहरा कागदासारखा झाला. अगं पोरी, आज निकाल नाही! आज तो सुटत नाहीये! आज फक्त लोहाराला बोलावलंय, मला ओळखायला. एवढी साधी गोष्ट तिला कुणी सांगितलेली नाही. मिस्त्रीलाही कुणी सांगितली नव्हती. सगळे जण आपापलं काम चोख करतायत, फक्त बाकांपर्यंत कुणी बोलत नाही.

ती पिंजऱ्याकडे सरकली. तिचा एक हात पिशवीत गेलाय. वहिनी, तुम्ही तरी बघा इकडे! साहेब, तुम्ही लिहिणं थांबवा, एकदाच मोठ्याने सांगा की आज...

"मुद्देमाल नंबर एक! आणा पुढे!"

नवा शिपाई माझ्याकडेच येतोय. त्याचा आवाज लहान आहे. अहो शिपाईदादा, मला उचलू नका, माझी ओळख नंतर पटवा, आधी त्या मुलीचा हात धरा आणि तिला सांगा की